एक नंबरचा माल आणि मेलेलं बी : एका घरातल्या चौदा कट्ट्यांचं प्रकरण

२०२० च्या मे महिन्यात मामांच्या घरी, लातूरच्या औसा तालुक्यात, सोयाबीनचे पन्नास-पन्नास किलोचे चौदा कट्टे, म्हणजे पोती, होते. नऊ पत्र्याच्या शेडमध्ये, पाच माजघरात. टाळेबंदीमुळे मीही तिथंच अडकलो होतो. त्या चौदा कट्ट्यांचं पुढं काय झालं, कुठले पेरले, कुठले विकले आणि शेवटी पंधरा किलो सोयाबीन असं का उरलं की जे ना पेरता येईना, ना खाता येईना, ना मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नेता येईना, त्याची ही हकीकत. मी काही वर्षं बीज परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून मोजमापाचं काम माझ्याकडं आलं. त्यात माझ्याही चुका झाल्या. त्या लपवत नाही.

मामांची जमीन नऊ एकर. सगळ्यावर सोयाबीन, मधूनमधून तुरीचे तास, म्हणजे ओळी. त्या वर्षी कृषी खात्यानं गावोगाव एकच धोशा लावला होता : घरचं बियाणं वापरा, पेरण्याआधी उगवण तपासा. कारण उघड होतं. आदल्या वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस, काढणीच्या ऐन मोसमात परतीच्या पावसानं राज्यभर सोयाबीन भिजवलं होतं. शेंगेतच कोंब फुटले होते. नोव्हेंबरात राष्ट्रपती राजवट लागली, राज्यपालांनी खरिपाच्या पिकाला हेक्टरी आठ हजारांची मदत जाहीर केली, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. बीजोत्पादनाचे प्लॉटही त्याच पावसात सापडले होते, त्यामुळं पुढच्या हंगामाला बियाणं कमी पडणार हे दिवाळीतच दिसत होतं.

मामांचं काय झालं होतं ते आधी सांगतो. तीन एकर लवकर वाळलं होतं. ते दसऱ्याच्या आगेमागे काढलं आणि लगेच खळं केलं. त्याचे कट्टे लाल दोऱ्यानं शिवले. बाकीचं सहा एकर कापून गंजी लावली आणि पाऊस आला. ताडपत्री होती, पण गंजीच्या बुडाला पाणी शिरलंच. आठ-दहा दिवसांनी गंजी उसकटून वाळवली आणि हडंबा, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं मळणी यंत्र, बोलावला. तोवर सगळ्या गावाचं सोयाबीन एकदमच वाळलेलं, हडंब्याला रांग. चालकानं ट्रॅक्टरचा आवाज वाढवला आणि सहा एकर दुपारभरात उरकलं. त्याचे कट्टे पांढऱ्या दोऱ्याचे. दोन्हीतलं बरंचसं दिवाळीनंतर विकलं, उरलेले चौदा ठेवले : पाच लाल, नऊ पांढरे.

मेमध्ये मामा पांढऱ्या दोऱ्याचं सोयाबीन वानगीला, म्हणजे नमुना म्हणून, फडक्यात बांधून मोंढ्यात घेऊन गेले. आडत्यानं मूठभर तळहातावर घेतलं, फुंकर मारली, यंत्रात ओलावा बघितला. आठ भरला. काडीकचरा नाही, माती नाही, डागी दाणा मोजका. "एक नंबर माल आहे," म्हणाला. मामा घरी आले ते याच खुशीत. एक नंबर माल घरात असताना दुप्पट भावानं बियाण्याच्या पिशव्या कशाला आणायच्या? नऊ एकराला एकरी तीस किलोनं २७० किलो लागणार. पांढरेच साडेचारशे किलो पडलेत.

इथं मामांची चूक झाली असं मी म्हणणार नाही. मोंढ्यातला माणूस खोटं बोलला नव्हता आणि मामांनी ऐकलंही चुकीचं नव्हतं. मोंढा जे विचारतो त्याचं उत्तर बरोबर आलं होतं. तेलाच्या प्लँटची अट व्यापारी एका दमात सांगतात : दोन-दोन-दहा. दोन टक्के काडीकचरा-माती, दोन टक्के डागी, दहा टक्के ओलावा. यापलीकडं गेलं की कटती, म्हणजे भावात कपात. हा दाणा जिवंत आहे का, हे त्या तिन्ही आकड्यांत कुठंच नाही, आणि असायचं कारणही नाही. प्लँटमध्ये क्विंटलमागं अठरा किलोच्या आसपास तेल आणि ऐंशीच्या आसपास ढेप निघते, दाणा जिवंत असो वा मेलेला. उलट ओलावा जितका कमी तितका व्यापारी खुश. आठ टक्क्यांना तो शाबासकी देतो. बियाण्याच्या दृष्टीनं तोच आठचा आकडा मला खटकला. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापून दाणा कोरडाठक्क झाला होता, आणि इतका कोरडा दाणा कट्टा आपटला तरी तडकतो.

खरं तर पांढऱ्या दोऱ्याबद्दल घरात एकानं आधीच सांगितलं होतं. आजीनं. अंगणवाडीच्या ताईंनी कधीतरी मोड आलेल्या सोयाबीनच्या उसळीबद्दल सांगितलं होतं, तेव्हापासून आजी मटकीसारखं सोयाबीनही भिजत घालायची. दिवाळीच्या सुमारास लाल दोऱ्यातलं घातलं तेव्हा मोड आले, सगळ्यांना नाही पण उसळीपुरते आले. फेब्रुवारीत पांढऱ्यातलं घातलं तर फडक्यात नुसता चिकट गोळा, वर आंबूस वास. आजी म्हणाली होती, "मेलेलं हाय हे. मोडच येईना." मामी हसल्या, मामांनी ऐकलंच नाही. मेमध्ये पुन्हा तिनं तेच काढलं तर मामा म्हणाले, "आगं आये, आडत्यानं एक नंबर म्हणलंय, आन् तू मेलेलं म्हणतीस?"

मी आजीची बाजू घेतली आणि चाचणी करायची ठरली.

पहिली चाचणी मीच घाईत नासवली. आदल्या रात्री मामांनी शंभर-शंभर दाणे मोजून पाण्याच्या तांब्यात टाकून ठेवले होते, आणि मी ते तसेच सकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळले. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं. चार दिवसांनी उघडलं तर पांढरे तर गेलेच, लाल दोऱ्यातलेही निम्मे कुजलेले. घरात एकदम शांतता. मामी म्हणाल्या, मग नऊ एकराचं सगळंच विकत आणायचं? रात्री झोपताना माझ्या डोक्यात उजेड पडला. सोयाबीनचा कोरडा दाणा एकदम पाण्यात टाकला की तो हावऱ्यासारखा पाणी ओढतो आणि आतल्या पेशी फुटतात. प्रयोगशाळेत आम्ही म्हणूनच ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवायचो, पाण्यात कधीच नाही. हे मला ठाऊक होतं, हजार वेळा केलेलं होतं, आणि घरी आल्यावर विसरलो. आजीची उसळीची परीक्षाही म्हणूनच फार कडक होती. तरी तिच्या परीक्षेत लाल पास झाले आणि पांढरे नापास, हा फरक खराच होता.

दुसऱ्या वेळी नीट केलं. गोणपाट भिजवून पिळून घेतलं, हाताला ओल लागेल पण थेंब पडणार नाही इतपत. दाणे न भिजवता, दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्याला दाणा न चिकटता. वरून दुसरा तुकडा, सैल गुंडाळी, माठाशेजारी सावलीत. रोज संध्याकाळी हातानं पाण्याचा शिपका. आणि या वेळी ढिगाऱ्यातून एकच नमुना न काढता लालच्या पाचही कट्ट्यांचे नमुने वेगवेगळे घेतले, प्रत्येक कट्ट्यात वरून, मधून, तळातून हात घालून. पांढऱ्याचे नऊ कट्टे मिळून तीन नमुने.

आठव्या दिवशी गुंडाळ्या उघडल्या. पांढऱ्याची पहिली गुंडाळी मामांनी स्वतः मोजली आणि त्रेसष्ट म्हणाले. मी पुन्हा मोजली तर एक्केचाळीस. भांडण लागायच्या बेतात होतं, म्हणून एकेक दाणा परातीत मांडला. मामा जे फुगलं ते उगवलं असं धरत होते. त्यातले काही दाणे टरफलातून डोकावलेले, पण बोटानं दाबले की पिठासारखे सुटणारे. काहींच्या दोन्ही डाळी छान हिरवट पिवळ्या, पण खाली मूळच नाही, तपकिरी बुंधा तेवढा. काहींचं मूळ मधोमध चिरलेलं. हे जमिनीच्या वर येणारच नाहीत. मोजायचं ते ज्याला धड मूळ आहे, धड दांडा आहे आणि ज्याच्या डाळी निम्म्याहून जास्त शाबूत आहेत तेच. मामांनी एक मूळ नसलेला दाणा बोटात धरून बराच वेळ बघितला. "वरून तर एकदम टंच हाय की," एवढंच म्हणाले.

तो वरून टंच का आणि आतून मेलेला का, हे थोडं उलगडतो. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ असतं, आणि मुळाचा कोंब डाळींच्या मधे सुरक्षित नसून कडेला, टरफलाच्या लगेच खाली असतो. दाण्यावर नाभीच्या शेजारी जो लांबट उंचवटा हाताला लागतो, तोच. मार बसला की आधी तोच फुटतो. हडंब्याचे फेरे मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या आत ठेवावेत असं बियाण्यासाठी सांगतात, आणि दाणा अगदी कडक वाळायच्या आधी, तेरा-चौदा टक्के ओलाव्यावर मळावा, तो एवढ्यासाठीच. मामांच्या पांढऱ्या सोयाबीनला तिन्ही मार बसले होते. गंजीत भिजून पुन्हा वाळल्यानं टरफल सुरकुतलं, हडंब्याच्या वेगानं चिरलं आणि शेडच्या उन्हात उरलासुरला जोम गेला. वर पोरांनी कट्टे ट्रॉलीतून धप्पकन खाली टाकलेले, एकावर एक नऊची थप्पी. तेलाला यातलं काहीच बाधत नाही. भिजलेल्या मालाच्या तेलात आम्लता थोडी वाढते, रिफाइन करताना घट जरा जास्त येते, पण तो प्लँटचा हिशेब.

सरकारी मानकांतही सोयाबीनचा हा नाजूकपणा मान्य केलेला दिसतो. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण गव्हाला ८५ टक्के लागते, हरभऱ्याला ८५, सोयाबीनला मात्र ७०. भौतिक शुद्धता ९८ टक्के हवी आणि ओलावा १२ च्या आत. म्हणजे सीलबंद पिशवीतलेही शंभरातले तीस दाणे न उगवले तरी नियमात बसतं. एकरी तीस किलोचा हिशेब ही तूट धरूनच केलेला आहे.

लाल दोऱ्याचे आकडे आले : ७६, ८०, ७९, ७७ आणि ५२.

पाचवा कट्टा का पडला ते मामींनी सांगितलं. त्या दिवशी पांढरा दोरा संपला होता म्हणून शेवटचा एक कट्टा लाल दोऱ्यानं शिवला होता. सगळे विसरले होते. एकच नमुना काढला असता तर पाचही कट्ट्यांची सरासरी ७३ च्या आसपास आली असती, सत्तरच्या वर, आणि तो कट्टा निवांत पेरला गेला असता. मला त्या एका दोऱ्याची अजून आठवण येते.

पांढऱ्याचे तीन नमुने ४१, ३८ आणि ४४. मामांचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता : मग जास्त पेरू की. सत्तरला तीस किलो, तर एक्केचाळीसला किती? त्रैराशिक मांडलं तर एक्कावन्न किलो येतं. फुकटचं घरचं आहे, टाका एक्कावन्न. साठ टक्क्यांपर्यंत हे त्रैराशिक चालतं, तिथं पस्तीस किलो टाकून भागतं. त्याखाली नाही, कारण ज्या गठ्ठ्यातले साठ मेलेत त्यातले जगलेले चाळीसही आजारीच असतात. गोणपाटाच्या मऊ अंथरुणावर त्यांनी कोंब काढला, पण वावरात पाऊस पडून ऊन पडलं की वर पापुद्रा धरतो, आणि सोयाबीनला तर आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन तो पापुद्रा फोडून यावं लागतं. शिवाय मेलेले दाणे जमिनीत कुजतात आणि बुरशीला आवतण देतात. दुबार पेरणीचा खर्च धरला तर फुकटचं बियाणं सगळ्यात महाग.

म्हणून असं ठरलं. लालचे चार कट्टे बियाण्याला. नऊ पांढरे आणि तो बहुरूपी लाल, असे दहा, मोंढ्याला. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते विकले आणि एक नंबरचाच भाव मिळाला. कटती शून्य. आडत्यानं विचारलंही, घरचं बियाणं ठेवलं का? मामा म्हणाले, ठेवलं, दुसरं.

चार कट्ट्यांचं साधारण दोनशे किलो. चाळणी लावून बारीक, फुटके, सुरकुतलेले काढले, बावीस किलो गेले, १७८ राहिले. उगवण सरासरी ७८, म्हणून एकरी सत्तावीस किलो पुरेत. साडेसहा एकर झालं. उरलेल्या अडीच एकराला विकतच्या तीन पिशव्या आणल्या, तीस-तीस किलोच्या. दोन एका लॉटच्या, एक दुसऱ्या. प्रमाणित बियाण्याचं निळं लेबल, पावती, सगळं रीतसर. कंपनीचं नाव लिहीत नाही.

विकतचं दुप्पट महाग का, यावर त्या दिवशी घरात बराच वाद झाला. मामांचा मुद्दा : सोयाबीन स्वपरागीत आहे, मक्यासारखं संकरित नाही, आपल्या वावरातलं तेच त्यांच्या पिशवीत. दाण्याच्या जातीबद्दल हे खरंच आहे, म्हणूनच घरचं दोन-तीन वर्षं चालतं. पैसे लागतात ते दुसऱ्याच गोष्टींना. बीजोत्पादनाच्या प्लॉटला शेजारच्या सोयाबीनपासून तीन मीटर अंतर, पीक उभं असताना तपासणी, भेसळीची झाडं उपटणं, मळणी जपून, ग्रेडिंग, चाचणी, आणि चाचणीत पडलेला सगळा लॉट मालाच्या भावानं प्लँटला. महागाईत त्या नापास मालाचाही हिस्सा असतो. २०१९ च्या पावसानं असे किती लॉट पडले असतील ते २०२० च्या जूनमध्ये सगळ्या मराठवाड्याला कळलं.

राज्यात सोयाबीन अलीकडं पन्नास लाख हेक्टरांच्या घरात असतं. हेक्टरी पंचाहत्तर किलोनं बियाणं धरा : साडेसदतीस लाख क्विंटल. एवढं दरवर्षी पिशवीतून येणं शक्यच नाही. म्हणजे खळ्यावरचा बराचसा माल बियाणं होणारच. प्रश्न एवढाच की तो मळताना बियाणं म्हणून मळला की माल म्हणून.

पाऊस झाला. वावरात टीचभर ओल उतरेपर्यंत, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पडेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. शेजारचे पेरून मोकळे झाले तेव्हा मामांचा जीव वरखाली होत होता. घरच्या बियाण्याला ताडपत्रीवर बुरशीनाशक लावलं, कार्बोक्सिन आणि थायरमचं मिश्रण, किलोला तीन ग्रॅम. रगडायचं नाही, टरफल सुटतं; दोघांनी ताडपत्रीचे कोपरे धरून हेलकावे द्यायचे. पेरणीच्या दिवशी सकाळी वरून रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, सावलीत सुकवून. ट्रॅक्टरवाल्याला पेरणी यंत्राची खोली दीड इंचावर ठेवायला लावली. तो कुरकुरला, कारण खोल पेरलं की पाखरं टिपत नाहीत असं त्याचं म्हणणं. सोयाबीन तीन इंचावर गेलं की त्याला डाळी वर आणेपर्यंत दम लागतो. त्या वर्षी न उगवलेल्या कित्येक वावरांत बोटानं उकरलं तर दाणा तिथं, खोल, डोकं वाकवून मेलेला मिळत होता. सगळा दोष पिशवीचा नव्हता. पण बराचसा होताच.

आठव्या-नवव्या दिवशी मोजणी केली. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत ५, म्हणजे पुस्तकात मीटरभर तासात वीस रोपं. घरच्या बियाण्यात दहा जागी मोजली, चौदा-पंधरा भरली. उत्तम. विकतच्या पहिल्या दोन पिशव्यांच्या दोन एकरांत तेरा-चौदा. शेवटच्या अर्ध्या एकरात, जिथं तिसरी पिशवी अर्धी पेरली होती, आठ. कुठं सहा. तासातून शेळी आडवी जाईल अशा फटी.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रं याच बातम्यांनी भरली होती. राज्यभरातून न उगवल्याच्या तक्रारी हजारोंनी आल्या, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. आमच्या अर्ध्या एकराची त्यापुढं काय कथा. तरी मामांनी तालुका तक्रार निवारण समितीकडं अर्ज दिला. अर्जाला पावती लागते, लेबल लागतं, रिकामी पिशवी लागते आणि थोडं बियाणं शिल्लक असेल तर उत्तम. घरच्या बियाण्याची तक्रार मात्र कुणाकडंच करता येत नाही, हे घरचं पेरणाऱ्यानं आधीच लक्षात घ्यावं. पंचनामा झाला तेव्हा पेरणीची वेळ टळून गेली होती. मामांनी तोवर घरच्या लालमधलं उरलेलं अडीच किलो त्या अर्ध्या एकरात टोकून नांग्या, म्हणजे रोपांमधल्या फटी, भरल्या होत्या. अडीच किलोनं काय भरणार, पण दिसायला बरं झालं.

राहिली ती तिसरी पिशवी, अर्धी. पंधरा किलो, गुलाबी रंगाचं.

एका दुपारी मी परसात गेलो तर आजी घंगाळात हात घालून बसलेली. पाणी गुलाबी. शेजारी दोन घंगाळं ओतून झाली होती, गुलाबी ओघळ मोरीपर्यंत गेलेला. किलोभर सोयाबीन तिनं चोळून धुतलं होतं, आणि ते आता बऱ्यापैकी पिवळं दिसत होतं. नेहमीच्या मापानं नऊ वाटे गहू आणि एक वाटा सोयाबीन असं दळायचा तिचा बेत. सोयाबीन आधी उकडून वाळवायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं; कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मोडतो. म्हणजे तिच्या परीनं तिनं सगळं बरोबर केलं होतं.

"आज्जे, हे काय करतीस?"

"पंधरा किलो हाय. टाकून द्यायचं व्हय? पेरायचं न्हाई म्हणतुस, मग खाऊ तरी."

तिचं तर्कशास्त्र तोडायला मला वेळ लागला. तिच्या आयुष्यभरात बी आणि धान्य एकाच कणगीतून निघत आलं होतं. पेरून उरलं ते दळायचं, दुष्काळात तर बीसुद्धा दळायचं. पेरायला काढलेलं पुन्हा पोटात घालायला माघारी येऊ शकतं, यात तिला शंका नव्हती. आणि रंग पाण्यानं गेला की विष गेलं असं कुणालाही वाटेल. पण रंग वेगळा आणि कंपनीनं बियाण्याला लावलेलं औषध वेगळं. रंग लावलाय तो ओळखू यावं म्हणून, तो आधी धुतला जातो. बुरशीनाशक टरफलाला आणि चिरांतून आत चिकटलेलं राहतं. बियाणे नियम १९६८ मध्ये आहे की औषध लावलेल्या बियाण्यावर औषधाचं नाव हवं आणि खाण्यासाठी, जनावरांसाठी किंवा तेलासाठी वापरू नये अशी सूचना हवी. ती सूचना पिशवीवर होती, मुंगीएवढ्या अक्षरांत. आजीला वाचता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मामांनीही ती वाचली नव्हती.

मामांनी सुचवलं, मोंढ्यात दहा कट्ट्यांत मिसळून गेलं असतं. हे मी त्यांना रागानंच नाही म्हणालो. तेलावाटे, ढेपेवाटे ते फिरून कुणाच्या तरी कोंबडीच्या आणि कुणाच्या तरी ताटातच जाणार. शिवाय गुलाबी दाणा दिसला की व्यापारी अख्खा कट्टा परत करतो, आणि बरोबर करतो. पुढच्या वर्षाला ठेवावं म्हटलं तर प्रमाणपत्राची मुदत नऊ महिन्यांची, आणि सोयाबीन तसंही दुसरा पावसाळा बघत नाही. आत्ताच ज्याची उगवण आठ रोपांवर आलीय ते पुढच्या जूनला काय देणार?

आजीनं धुतलेलं किलोभर मी तिच्यासमोर खड्ड्यात टाकलं. ती काही बोलली नाही, पदरानं हात पुसत घरात गेली. मग मामी म्हणाल्या तेव्हा तिला साबणानं हात धुवायला लावले आणि घंगाळ राखेनं घासून वेगळं ठेवलं. बाकीचं चौदा किलो लेबलासकट पिशवीत बांधून गोठ्याच्या आढ्याला टांगलं, पंचनाम्याच्या वेळी दाखवायला. तेवढाच त्याचा उपयोग झाला. दिवाळीनंतर विहिरीपासून लांब, बांधाच्या कडेला खोल पुरलं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरला मामांनी माझी वाट बघितली नाही. पुन्हा अतिवृष्टी झाली, महिन्याच्या मध्यात, पण त्याआधी एक एकर त्यांनी बियाण्यासाठी म्हणून वेगळं काढून ठेवलं होतं. फोनवर सांगत होते : हडंब्यावाल्याशी भांडण झालं. ट्रॅक्टरचा आवाज कमी ठेव म्हटलं तर तो म्हणतो, एका एकराला तीन तास जातील, मला पोत्यामागं परवडत नाही. शेवटी तासाच्या हिशेबानं पैसे दिले. त्या एकराचे कट्टे शेडमध्ये न टाकता माजघरात, फळ्या टाकून, चारच्या वर थप्पी नाही. दोरा हिरवा, आणि दोऱ्याचं रीळ मामींनी कपाटात कुलपात ठेवलंय.

मी विचारलं, चाचणी कधी करणार?

"आईनं घातलंय भिजत," मामा म्हणाले. "मी म्हणलं गोणपाटात घाल, भिजवू नगस. तर म्हणती, जे माझ्या पाण्यात जगंल तेच पेर."